यादीतून वगळलेला गडी

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये १५:३६–४१, २ तीमथ्य ४:११.



आपल्या प्रभूने देवाच्या राज्याविषयी शिकविताना पेरणारा, खमीर मळणारी बाई, हरवलेले मेंढरू, इतकेच नव्हे तर बाजारात खेळणारी मुलेही दृष्टान्तासाठी घेतली. प्रेषित पौलानेही शर्यतीत धावणारा व मुष्टियुद्ध करणारा ह्यांची उदाहरणे देण्यास संकोच केला नाही. म्हणून आज आपण एका दूरच्या देशातील खेळाचा प्रसंग मनन करण्यास घेतला तर कोणी नवल मानू नये. ज्याचे नाव यादीतून कमी झाले, त्याचे पुढे काय होते, हा आजचा प्रश्न आहे. आणि हा प्रश्न खेळाच्या मैदानापुरताच नाही, तो आपल्या मंडळीच्या दारापर्यंत येऊन पोहोचतो.

ऑस्ट्रेलिया देशात एक खेळ आहे. त्यास फुटबॉल म्हणतात खरे, परंतु आपल्या गावातील मुले जो फुटबॉल खेळतात तो हा नव्हे. ह्याचे नियम १८५९ साली मेलबर्न शहरात प्रथम लिहून काढण्यात आले. मैदान क्रिकेटच्या मैदानासारखे लंबगोल, चेंडूही लंबगोल. एका बाजूचे अठरा गडी एका वेळी मैदानात असतात. चेंडू पायाने मारावा, मुठीने ढकलावा, उडी घेऊन हातांनी झेलावा, हे सर्व चालते. मैदानाच्या प्रत्येक टोकास चार खांब उभे असतात. मधले दोन उंच, कडेचे दोन आखूड. मधल्या दोन खांबांमधून चेंडू मारला म्हणजे सहा गुण मिळतात. नेम थोडका चुकून चेंडू उंच व आखूड खांबांमधून गेला तर एक गुण मिळतो. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण शेवटी आपणांस तिच्याकडे परत यावयाचे आहे.

ह्या खेळाच्या मुख्य स्पर्धेत २०२३ साली अठरा संघ होते. प्रत्येक संघ चाळीसच्या आसपास गड्यांची एक यादी ठेवतो. जो यादीत आहे त्यास वेतन, वैद्य, प्रशिक्षक, सराव, सर्व काही मिळते; जो यादीत नाही तो कितीही चपळ असला तरी त्या संघाकडून खेळू शकत नाही. सप्टेंबर महिन्यात हंगाम संपतो आणि नोव्हेंबरात देशभरातील नव्या तरुणांची निवड होते. त्या तरुणांना जागा पाहिजे आणि यादी तर ठरलेल्या मापाची, म्हणून दर वर्षी काही जुनी नावे कमी करावी लागतात. ज्याचे नाव कमी झाले त्याने चोरी केलेली नसते, कोणास दगा दिलेला नसतो. त्याच्यापेक्षा दुसरा अधिक उपयोगी पडेल असे संघाच्या कारभाऱ्यांस वाटलेले असते, एवढेच. परंतु लहानपणापासून ज्याने दुसरे काही केले नाही, त्याच्या कानी हे शब्द पडतात तेव्हा ते मरणाच्या बातमीसारखेच लागत असतील.

अशा गड्यांपैकी एकाचे नाव ओलेग मार्कोव्ह. त्याचा जन्म १९९६ साली बेलारूस देशात झाला व तो वाढला ऑस्ट्रेलियात. त्याचा बाप दिमित्री मार्कोव्ह लांब काठीच्या आधाराने उंच उडी मारण्यात जगप्रसिद्ध होता. २००१ साली कॅनडातील एडमंटन शहरी ६.०५ मीटर उंची ओलांडून तो जगज्जेता ठरला. अशा बापाचा हा मुलगा. परंतु बापाच्या नावाने मुलाची जागा यादीत टिकत नाही. आपला आजा मिशनचा शिक्षक होता, आपल्या बापाने देऊळ बांधण्यास दगड वाहिले, एवढ्यावर जे विसंबून आहेत त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

२०१५ सालच्या निवडीत पन्नासाव्या क्रमांकाने रिचमंड नावाच्या संघाने त्यास घेतले. तेथे तो पाच हंगाम होता. त्याच काळात रिचमंडने २०१७, २०१९ व २०२० अशी तीन वर्षे अजिंक्यपद मिळविले. परंतु त्या तिन्ही अंतिम सामन्यांत मार्कोव्हास जागा मिळाली नाही. तीन वेळा सोबत्यांच्या गळ्यात पदके पडली आणि तीनही वेळा तो मैदानाबाहेर राहिला. २०२० च्या अखेरीस तो क्वीन्सलंड प्रांतातील गोल्ड कोस्ट ह्या संघाकडे गेला. तेथे दोन हंगाम काढल्यावर २०२२ च्या अखेरीस त्या संघानेही त्याचे नाव यादीतून कमी केले. त्या वेळी त्याचे वय सव्वीस वर्षांचे होते. ह्या खेळात सव्वीस वर्षांच्या वगळलेल्या गड्यास पुन्हा बोलावणे येतेच असे नाही. पुष्कळांस ते कधी येत नाही.

परंतु २०१९ च्या हंगामापासून त्या स्पर्धेत एक लहानसे दार ठेवण्यात आले आहे. ज्या संघाच्या यादीत जागा रिकामी असेल, त्याने हंगाम सुरू होण्यापूर्वी एखाद्या बाहेरच्या गड्यास सरावास बोलवावे, त्याचे काम पाहावे आणि मनास आले तर त्याचे नाव यादीत घालावे. सरावास बोलावणे म्हणजे यादीत घेणे नव्हे. सराव करूनही घरी परत जाण्याची पाळी येऊ शकते. कॉलिंगवुड ह्या मेलबर्नच्या संघाने मार्कोव्हास असे बोलाविले. त्या संघाचा प्रशिक्षक क्रेग मॅक्रे पूर्वी रिचमंडमध्ये दुय्यम संघास शिकवीत असे आणि त्याच वर्षांत मार्कोव्ह तेथे तरुण गडी होता. म्हणजे हा गडी त्याच्या पाहण्यातला होता. ऑस्ट्रेलियात आपल्या हिवाळ्याच्या दिवसांत कडक उन्हाळा असतो. त्या उन्हात मार्कोव्ह पाहुण्यासारखा इतरांबरोबर धावला. २०२३ च्या आरंभी, हंगाम तोंडावर आला असता, त्याचे नाव यादीत घालण्यात आले.

त्याच वर्षाच्या ३० सप्टेंबरला मेलबर्न क्रिकेट मैदानावर १,००,०२४ प्रेक्षकांसमोर अंतिम सामना झाला. एका बाजूस ब्रिस्बेन, दुसऱ्या बाजूस कॉलिंगवुड. आणि कॉलिंगवुडच्या बचावाच्या फळीत, एका वर्षापूर्वी ज्यास दुसऱ्या संघाने निरोप दिला होता, तो मार्कोव्ह. कॉलिंगवुडचे ९० गुण झाले व ब्रिस्बेनचे ८६. चार गुणांच्या अंतराने कॉलिंगवुड अजिंक्य ठरले. तीन वेळा जे पदक हुकले होते ते चौथ्या खेपेस त्याच्या गळ्यात पडले.

आता आपण शास्त्राकडे वळू. स्लाव लोकांच्या भाषांत मार्कोव्ह ह्या आडनावाचा मूळ अर्थ मार्काचा, म्हणजे मार्काच्या वंशातला, असा होतो. आणि पवित्र शास्त्रात ज्याचे नाव एकदा यादीतून वगळले गेले व पुन्हा घातले गेले, असा जो तरुण आहे त्याचेही नाव मार्कच आहे.

योहान ज्यास मार्क म्हणत, त्याचे घर यरुशलेमात होते. त्याची आई मरीया हिच्या घरी विश्वासणारे प्रार्थनेसाठी जमत. तुरुंगातून सुटलेल्या पेत्राने रात्री दार ठोठावले ते त्याच घराचे. अशा घरातला हा मुलगा बर्णबा व पौल ह्यांच्या पहिल्या सुवार्ताफेरीत त्यांचा मदतनीस होऊन निघाला. कुप्र बेट पार पडले. परंतु पंफुल्यातील पिर्गा येथे पोहोचल्यावर तो त्यांना सोडून यरुशलेमास परत गेला. का गेला हे शास्त्र सांगत नाही. पुढचा डोंगरी रस्ता पाहून तो भ्याला असेल, आईची आठवण झाली असेल, आजारी पडला असेल. कारण काही असो, कामाच्या मध्यावर त्याने हात काढून घेतला.

दुसऱ्या फेरीची वेळ आली तेव्हा बर्णबा म्हणाला, मार्कास बरोबर घेऊ. पौल म्हणाला, ज्याने आपणांस वाटेत सोडले त्यास घेणे योग्य नव्हे. आणि ज्यांनी एकत्र छळ सोसला, एकत्र उपास केला, त्या दोघा वृद्धिंगत सेवकांत एका तरुणावरून इतका तीव्र मतभेद झाला की ते एकमेकांपासून वेगळे झाले. पौलाने सीलास घेतले. बर्णबाने मार्कास घेतले व तो कुप्रास गेला.

ह्या प्रसंगातून, आणि त्या दूरदेशीच्या गड्याच्या हकिकतीतून, तीन गोष्टी आपणांस शिकावयाच्या आहेत.

पहिली गोष्ट ही की, यादी करणाऱ्यावर रागावू नये. पौलाची बाजू अगदी खोटी नव्हती. पुढे फिलिप्पैत फटके व तुरुंग वाट पाहत होते. तेथे मध्येच परतणारा सोबती घेऊन जाणे धोक्याचे होते. गोल्ड कोस्टच्या कारभाऱ्यांनीही अन्याय केला असे म्हणावयास आपणांपाशी आधार नाही. मनुष्याच्या यादीत जागा मोजक्याच असतात. ज्याचे नाव कमी होते त्याच्यापुढे दोन वाटा असतात. एक वाट ही की, घरी बसून नाव कापणाऱ्यास दोष देत राहावे, आणि तसे करता करता हातापायांतील बळ घालवून बसावे. दुसरी वाट ही की, बोलावणे येवो अथवा न येवो, आपले अंग तयार ठेवावे. मार्कोव्ह दुसऱ्या वाटेने गेला. घरी बसून राहिला असता तर दार उघडूनही त्यास आत धावता आले नसते. बंधूंनो, ज्यास उपदेशकाच्या कामावरून काढले, ज्याचे प्रभुभोजन बंद केले, त्याने प्रार्थना करणेही बंद केले तर त्याचे नाव दोनदा कापले गेले असे होते. एकदा पंचांनी कापले आणि एकदा त्याने स्वतः.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. दुसरी संधी आकाशातून पडत नाही; ती देण्यासाठी कोणी तरी मनुष्य पाहिजे. मॅक्रे नसता तर मार्कोव्ह कोणाच्या मैदानावर धावला असता? बर्णबा नसता तर मार्क कोणाच्या नावेत चढला असता? बर्णबा ह्या नावाचा अर्थ बोधपुत्र, म्हणजे धीर देणारा, असा आहे, आणि त्याचे हे काम काही पहिले नव्हते. पौल धर्मांतर करून यरुशलेमास आला तेव्हा शिष्य त्यास भीत होते. हा मंडळीचा छळ करणारा शौल, ह्याचा विश्वास कोणी धरावा? त्या दिवशी पौलाचेच नाव कोणाच्या यादीत नव्हते. तेव्हा ज्याने पुढे होऊन त्याचा हात धरला व त्यास प्रेषितांकडे नेले, तो हाच बर्णबा. ज्यास स्वतःला एकदा दारातून आत घेतले होते, त्यासच मार्काकरिता दार उघडणे जड गेले. इतक्या मोठ्या प्रेषिताचे असे होऊ शकते, तर आपले होणार नाही काय? क्षमा पावलेले मनुष्य क्षमा करण्यास विसरते, ही आपली जुनीच खोड आहे.

तिसरी गोष्ट ही की, दुसरी संधी म्हणजे मानाची खुर्ची नव्हे; ती कामाची जागा आहे. मार्कोव्हास प्रथम यादी मिळाली नाही, प्रथम ऊन मिळाले, घाम मिळाला, इतरांच्या मागून धावणे मिळाले. मार्कासही बर्णबाने कोणते पद दिले नाही. कुप्राचा प्रवास व कामाचे ओझे दिले. कित्येक बंधू पश्चात्ताप केला असे म्हणतात आणि दुसऱ्याच रविवारी विचारतात की, माझी पूर्वीची जागा मला कधी मिळेल? अशाने पश्चात्तापाची परीक्षा होत नाही. झाडू हाती घेऊन उपासनेची जागा झाडावी, आजाऱ्याच्या घरी जाऊन बसावे, मुलांना शास्त्रवचन पाठ करून घ्यावे, आणि नाव कोणी लिहिते की नाही इकडे पाहू नये. नाव लिहिणारा वेगळा आहे.

ह्या सर्वांचा शेवट काय झाला? बरीच वर्षे गेली. पौलाने कलस्सैकरांस पत्र लिहिले त्या वेळी मार्क त्याच्याजवळ होता, आणि हा तुम्हांकडे आला तर त्याचा स्वीकार करा असे त्याने त्या मंडळीस कळविले. पुढे पौल पुन्हा बंदीत पडला. मरणाचा दिवस जवळ आला. पुष्कळ सोबती निघून गेले होते, केवळ लूक जवळ होता. तेव्हा त्या वृद्ध कैद्याने तीमथ्यास जे शेवटचे निरोप लिहिले त्यांत तो काय मागतो? त्रोवसात राहिलेला झगा मागतो, ग्रंथ मागतो, आणि मार्कास मागतो. कारण सेवेच्या कामी तो आपल्या उपयोगी आहे, असे तो सांगतो. ज्या लेखणीने नाव कापले होते त्याच लेखणीने ते पुन्हा लिहिले. पौलाने आपला पूर्वीचा निर्णय धरून बसण्यात मोठेपणा मानला नाही, ह्यातच त्याचा मोठेपणा दिसून येतो. आणि प्राचीन मंडळीची परंपरा सांगते की, आपल्या हातात असलेले दुसरे शुभवर्तमान ह्याच मार्काने लिहिले. पिर्ग्याहून पळालेल्या मुलाला बर्णबाने कुप्रास नेले नसते तर काय झाले असते, ह्याचा विचार प्रत्येक पाळकाने एकांतात करावा.

आता आपण त्या अंतिम सामन्याच्या गुणांकडे परत येऊ. ब्रिस्बेनच्या गड्यांनी मधल्या खांबांतून तेरा वेळा चेंडू मारला. कॉलिंगवुडच्या गड्यांनी बाराच वेळा. नुसते अचूक नेम मोजले असते तर ब्रिस्बेन जिंकते. परंतु ब्रिस्बेनचे थोडका नेम चुकलेले फटके आठ होते आणि कॉलिंगवुडचे अठरा. त्या चुकलेल्या फटक्यांचा एक एक गुण मिळून बेरीज झाली आणि चार गुणांनी सामना जिंकला गेला. ज्यांनी तो खेळ रचिला त्यांनी चुकलेला प्रयत्न अगदीच शून्य मानिला नाही. बंधूंनो, मनुष्यांनी रचलेल्या खेळात जर इतकी दया आहे, तर आपल्या स्वर्गीय पित्याच्या हिशेबात किती असेल! मात्र ह्याचा अर्थ पाप करीत राहावे असा कोणी करू नये. खांबांकडे पाठ फिरवून मारलेल्या चेंडूस तेथेही गुण मिळत नाही. प्रभूकडे तोंड करून जो धडपडतो, चुकतो, पुन्हा उठतो, त्याची धडपड व्यर्थ जात नाही.

आणखी एक शब्द सावधगिरीचा. पुढच्याच वर्षी, २०२४ साली, कॉलिंगवुडचा संघ अंतिम फेऱ्यांस पात्र ठरणाऱ्या पहिल्या आठांतही आला नाही. मैदानावरचा मुकुट कोमेजतो, हे पौलाने करिंथकरांस फार पूर्वी सांगून ठेविले आहे. तेव्हा आपण त्या गड्याच्या पदकाचा हेवा करू नये. त्याच्या दृष्टान्तापासून शिकावे व पुढे चालावे. मनुष्याच्या यादीत जागा मोजक्या असतात, म्हणून एकास घ्यावयाचे तर दुसऱ्यास काढावे लागते. कोकऱ्याच्या जीवनाच्या पुस्तकाचे तसे नाही. तेथे एकाचे नाव लिहिण्यासाठी दुसऱ्याचे पुसावे लागत नाही. आपल्या मंडळ्या कोणत्या यादीसारख्या चालतात, हे आपण तपासून पाहिले पाहिजे.

आता उपदेशक बंधूंस विशेष विनंती. आपल्या प्रत्येकाच्या गावी मंडळीचे एक रजिस्टर आहे. त्यात काही नावांवर रेघ ओढलेली आहे. कोणी दारूमुळे गेला, कोणी भावकीच्या तंट्यात जुन्या मार्गास परतला, कोणी मंडळीचे पैसे मागितले तेव्हा देऊ शकला नाही आणि लाजेने येईनासा झाला. त्यांपैकी एखादा अजूनही नाताळाच्या रात्री अंगणाच्या कडेला अंधारात उभा राहून भजन ऐकतो, आणि दिवा घेऊन कोणी बाहेर आले म्हणजे निघून जातो. रेघ ओढली ती योग्य असेल. पंचांनी विचार करूनच ओढली असेल. परंतु ती ओढल्यानंतर आपण किती वेळा त्याच्या घरी गेलो? शिस्त लावणे हे मंडळीचे काम आहे, आणि शोधावयास जाणे हेही मंडळीचेच काम आहे. पहिले काम आपण एका बैठकीत करतो आणि दुसऱ्यास दहा वर्षे सवड होत नाही.

ह्या आठवड्यात रजिस्टर उघडा. ज्या नावावर रेघ आहे असे एकच नाव निवडा. त्याच्या घरी जा, आणि नाव पुन्हा लिहू असे वचन देऊन जाऊ नका, आरोप घेऊनही जाऊ नका. इतकेच सांगा की, रविवारी सतरंज्या घालावयास एक मनुष्य कमी पडतो, तू येशील काय? तो येईल किंवा येणार नाही. आला तर त्यास दाराजवळ चपलांपाशी बसू देऊ नका. आपल्या शेजारी जागा करा. आणि ज्याच्या नावावर ती रेघ आहे असा एखादा वाचक हा अंक दुसऱ्याकडून मागून वाचीत असेल, तर त्यास आमचे सांगणे असे की, बंधू, आपले अंग तयार ठेव. बोलावणे येण्यास उशीर झाला तरी प्रार्थना सोडू नकोस. तुला बोलाविणारा बर्णबा कदाचित आताच घरून निघाला असेल.

हे प्रभू, तू आम्हांस एकदाच नव्हे तर वारंवार परत घेतले आहेस. ज्यांना आम्ही वगळले त्यांच्याकडे जाण्यास आमचे पाय हलके कर, आणि जे वगळले गेले त्यांच्या हृदयातील वात विझू देऊ नकोस. आमेन.